अप-डाऊन

मराठवाड्यात एखाद्या गुरुजींची चौकशी केली की दोन गोष्टी हमखास कळतात : विषय कोणता आणि अप-डाऊन कुठून. बिऱ्हाड नांदेडात, शाळा लोह्याच्या पलीकडं; किंवा घर लातुरात आणि नोकरी चाकूर-अहमदपूरच्या अंगाला. मुख्यालयी राहावे असा सरकारी दंडक आहे, आणि त्याचा मान राखून माणसं रोज सकाळी एसटीनं मुख्यालयाला भेट देऊन येतात. हे अप आणि डाऊन मुळात रेल्वेच्या घरचे. इंग्रजीत या दोघांना एकट्यानं फारसं कुणी विचारत नाही. गो, कम, गेट, पुट अशा कुण्या धडधाकट क्रियापदाच्या पाठीमागं उभं राहून ते दिवस काढतात. आमच्याकडं आले आणि ‘करणे’ नावाच्या विशाल मनाच्या मराठी क्रियापदानं दोघांना एकदमच दत्तक घेतलं. आता निवृत्तीच्या समारंभात वक्ते गहिवरून सांगतात, ‘सरांनी आयुष्यभर अप-डाऊन केलं, पण कधी लेट मार्क पडू दिला नाही.’

या दत्तकविधानांचा मला नादच लागला आहे. पोरगं शाळेला निघालं की आई म्हणते, ‘शर्ट इन कर.’ इंग्रज माणूस शर्ट ‘टक इन’ करतो. आपण ‘टक’ वेशीवरच थांबवलं आणि ‘इन’ला तेवढं आत घेतलं. ‘स्विच’ मागं राहिला, ‘ऑन’ पुढं आला. सातबाऱ्यासाठी सकाळपासून ताटकळलेला म्हातारा शेजारच्याला सांगतो, ‘सर्व्हर डाऊन हाय म्हनं,’ आणि ते अशा सुरात, की सर्व्हर ही कुणाची तरी बाळंतीण लेक असावी आणि तिची तब्येत उतरली असावी. दारू चढलेला माणूस ‘आऊट’, पहिल्या चेंडूवर दांडी उडालेलाही ‘आऊट’. पुढचं थोडा वेळ दोघांनाही नीट दिसत नाही, एवढाच काय तो त्यांच्यातला धागा. एसटी मधेच बंद पडली की ती ‘ब्रेकडाऊन’ असते. अर्ध्या प्रवाशांची समजूत होते की ब्रेक गेले. ते खाली उतरून, घाट नव्हता म्हणून देवाचे आभार मानतात आणि झाडाच्या सावलीत तंबाखू मळत बसतात. त्यांचं इंग्रजी चुकलेलं असतं, पण कृतज्ञता खरी असते.

हा सगळा मोकळेपणा परीक्षेच्या दारात आटतो. आणि नांदेड-लातूर ही तर परीक्षांवर जगणारी गावं. लातुरात ‘कटऑफ’ हा शब्द पावसाइतक्याच काळजीनं उच्चारला जातो. ‘नीट’ची परीक्षा पुन्हा देण्यासाठी वर्षभर थांबणारा पोरगा ‘ड्रॉप घेतो’. या ‘ड्रॉप’च्या मागचं ‘आऊट’ कुणीतरी वेळीच कापून टाकलं, हे फार बरं झालं. ते राहिलं असतं तर पोराची शाळाच सुटली असती. ते गेलं आणि त्याला आणखी एक वर्ष मिळालं. नीटच्या 720 गुणांत इंग्रजीचा एकही नाही, त्यामुळं डॉक्टर होऊ पाहणारी लेकरं या जंजाळातून सुटतात. सापडतात ती स्पर्धा परीक्षावाली. नांदेडच्या एका अभ्यासिकेत अशाच एकाची वही मी चाळली होती. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडं गिव्ह इन, गिव्ह अवे, गिव्ह आऊट, गिव्ह अप; उजवीकडं त्यांचे अर्थ, घट्ट, बारीक अक्षरात, कागद पुरवून वापरायची सवय असलेल्या हातानं लिहिलेले. ‘गिव्ह अप’ समोर लिहिलं होतं, ‘सोडून देणे’. आणि त्याच्या पुढं, वेगळ्या शाईत, बहुधा वेगळ्या वर्षी : ‘नाही’.

त्याच पानावर खाली ‘पुट अप विथ’ होतं. पुट म्हणजे ठेवणे, अप म्हणजे वर, विथ म्हणजे सोबत. आणि तिघं एकत्र नांदले की अर्थ निघतो सहन करणे! ठेवलं काय, वर कुठं आणि सोबत कोण, याचा पत्ता नाही. मला मात्र आमची आजी आठवली. दुष्काळाची सालं, सासूची करडी नजर, आजोबांचा तिरसट स्वभाव, हे सगळं तिनं ‘निभावून नेलं’ असं घरात म्हणतात. नेलं म्हणजे कुठं नेलं? ती तर त्याच ओसरीवर, त्याच खांबाला टेकून पन्नास वर्षं बसून होती.

पाठांतर करून दमलेल्यांना एक दिलासा द्यावासा वाटतो. खुद्द सॅम्युअल जॉन्सननं 1755 साली आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत या प्रकारापुढं कपाळाला हात लावला होता. क्रियापदाला एखादं चिमुकलं अव्यय चिकटतं, अर्थ भलतीकडंच जातो आणि परक्यांना सगळ्यात जड जातं ते हेच, असं त्याचं म्हणणं. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे भारदस्त नाव लोगन पिअर्सल स्मिथच्या पुस्तकातून पुढं आलं ते 1925 मध्ये. म्हणजे दुखणं आधीचं, बारसं नंतरचं. आपल्यालाही यात नवल वाटायचं कारण नव्हतं. आहार, विहार, प्रहार, संहार ही एकाच धातूची लेकरं. उपसर्ग बदलला की एक जेवायला बसतो, दुसरा फिरायला जातो आणि उरलेले दोघे मारायला उठतात. वेदांच्या भाषेत तर हा उपसर्ग धातूपासून सुटून वाक्यात पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसत असे.

पण संस्कृतपर्यंत तरी कशाला जायचं? आपलं ‘करून’ घ्या. ‘करून टाकलं’ यात सुटकेचा निःश्वास आहे. ‘करून ठेवलं’ यात उद्याची सोय आहे, आणि हेच आईनं कमरेवर हात ठेवून विचारलं की उद्याची धडगत नाही. ‘करून बसला’ यात पश्चात्ताप, जरी बसणारा प्रत्यक्षात उभाच असतो. ‘बोलून गेला’ म्हणतो तो माणूस तर कुठंच गेलेला नसतो. तिथंच मान खाली घालून चपलेचा अंगठा न्याहाळत असतो. आमच्या आजोबांची शाळा निजामाच्या राज्यात, उर्दूतून झाली. ‘कर बैठा’ आणि ‘करून बसला’ यांच्यामधली सीमा त्यांना कधी लागलीच नाही. 17 सप्टेंबर 1948 नंतर राज्य बदललं, आजोबांचं बसणं बदललं नाही.

आणि खास आमची म्हणावी अशी करामत तर पुढंच आहे. लातूरकडं विचारतात, ‘काय करायलास?’ नांदेडकडं तेच ‘काय करूलालास?’ होतं. मुळात ते ‘लागलास’ असावं. ‘लागणे’ बिचारं वापरून वापरून इतकं झिजलं की त्याला चिकटायला क्रियापदाचं शेपूट तेवढं उरलं. पुण्याला शिकायला गेलेली आमची पोरं पहिल्या आठवड्यातच हे शेपूट लपवायला शिकतात. ‘करतोय’, ‘जातोय’ असं जपून, ओठ सांभाळून बोलतात. दिवाळीला अहमदपूरच्या स्टँडवर उतरतात, कुणी ओळखीचं हाक मारतं, ‘का रे, कवा आलास? कुठं जायलास?’ आणि पोरगं बॅग खांद्यावर टाकून एका दमात म्हणतं, ‘घरलाच जायलो की!’ ते ऐकलं की वाटतं, गिव्ह अप आणि गिव्ह इनची यादी पाठ करणाऱ्या याच पोराला कुणी सांगितलं असतं, की बाबा, तू जन्मल्यापासून हेच करायलास, तर त्याची निम्मी भीती गेली असती. शिकवणाऱ्यांनी यादी फळ्यावर लिहिण्याआधी एक तास ‘करून बसला’वर घालवावा, असं माझं प्रांजळ मत आहे. एमपीएससीला ते विचारणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

शेवटी एक सावधगिरीची सूचना, परदेशी पाहुण्यांशी बोलणाऱ्यांसाठी. आपल्याकडं कॉलेज संपलं की पोरं ‘पासआऊट’ होतात. खडकवासल्याच्या एनडीएत पासिंग आऊट परेड होते, त्या रुबाबातच हा शब्द आपण वापरतो. पण एरवी इंग्रज माणसाच्या लेखी पासआऊट होणं म्हणजे शुद्ध हरपून खाली पडणं. त्यामुळं ‘आमच्या गावातली सगळी पोरं यंदा पासआऊट झाली’ असं ऐकल्यावर तो बिचारा हवालदिल होऊन पाणी शोधू लागेल. त्याला बसवा, पाणी त्यालाच पाजा, आणि पासआऊट झालेल्या पोराच्या बापाकडून पेढे मागून घ्या.