भुणभुणीच्या मागावर

रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखाद्या गाडीची चारही दारं उघडी दिसली, पुढच्या सीटवरून दोन पाय बाहेर लोंबत असले आणि इंजिन उगाचच चालू-बंद होत असलं, तर घाबरू नये. आत एक गृहस्थ डॅशकॅमच्या रेकॉर्डिंगमधली भुणभुण शोधत आहेत. वय चाळिशीच्या पुढचं, नोकरी बरी, गाडीचा हप्ता अजून चालू. कॅमेरा घेताना त्यांनी चित्राची कसून चौकशी केली होती. रात्री नंबरप्लेट वाचता येते का, लेन्सच्या टप्प्यात किती रस्ता येतो, कार्ड किती जीबीचं लागतं, सगळं विचारलं. आवाजाबद्दल मात्र अवाक्षर काढलं नाही. मग एका रात्री घर झोपल्यावर इयरफोन लावून सहज जुनं रेकॉर्डिंग ऐकलं आणि सुखाचे दिवस संपले. लोक या गृहस्थांना रिकामटेकडे म्हणतात. माझं तसं मत नाही. भुणभुण खरीच असते, तिचा शोध घेणं शहाणपणाचं आहे आणि ती सापडणं फारसं अवघडही नाही. तरी त्यांना ती सापडत नाही, कारण ते आधी उपाय विकत घेतात आणि मग त्या उपायाला शोभेल असं कारण शोधायला बसतात.

पुरावा त्यांच्या खरेदीच्या क्रमातच आहे. पहिल्या पार्सलातून येतो फेराइटचा ठोकळा, वायरवर चिमट्यासारखा बसणारा. वायरवरून धावणाऱ्या उच्च वारंवारतेच्या गोंगाटाला तो अडवतो, यात शंका नाही. पण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढत जाणारी अल्टरनेटरची शिट्टी कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातली. तिच्यापुढे ठोकळ्याचं फारसं चालत नाही. दुसऱ्या पार्सलातून येतो ग्राउंड लूप आयसोलेटर. तो असतो फोनपासून गाडीच्या स्टिरिओकडे जाणाऱ्या ऑक्स वायरमधली घरघर घालवायला. डॅशकॅमचा माइक स्टिरिओला जोडलेलाच नसतो. तो कॅमेऱ्याच्या पोटात एका बारीकशा भोकामागे बसलेला असतो. औषध उत्तम, रोगी मात्र शेजारच्या घरातला. तिसऱ्या पार्सलातून जास्त किमतीचं मेमरी कार्ड येतं. ते येईपर्यंत गृहस्थांचा कार्डावर संशय नव्हता. पाकीट फोडल्यावर तो बळावतो.

फुकटातली तपासणी मात्र शेवटच्या रविवारपर्यंत राहून जाते. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो आणि यूएसबीवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला हवेत फक्त ५. हा दाब उतरवण्याचं काम लायटरच्या सॉकेटात खुपसलेला अ‍ॅडॅप्टर करतो, आणि तो ते वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून करतो. स्वस्त अ‍ॅडॅप्टरमध्ये ही तोडजोड नीट गाळली जात नाही. ती वायरवाटे माइकच्या सर्किटपर्यंत जाते आणि रेकॉर्डिंगमध्ये उतरते. तेव्हा कॅमेरा अ‍ॅडॅप्टरवरून काढून पॉवर बँकेला लावावा, इंजिन आणि एसी बंद ठेवावेत आणि मिनिटभर गप्प बसावं. (हे शेवटचं गृहस्थांना जड जातं.) एवढ्यावरही भुणभुण राहिली तर दोष कॅमेऱ्याचाच. ती गेली, तर पॉवर बँक तशीच ठेवून इंजिन चालू करावं. आता आवाज परत आला, तर तो बहुधा काचेतून आणि कॅमेरा चिकटवलेल्या पट्टीतून येणारी थरथर. आला नाही, तर अ‍ॅडॅप्टर किंवा गाडीची वीज यांच्याकडे बोट दाखवायला हरकत नाही. मग ब्लोअर एकेक पायरीने वाढवून पाहावा, कारण काचेवर सोडलेली हवा थेट माइकच्या भोकावरून जाते. शेवटी होल्डरमधला फोन लांब ठेवून पाहावा. टूजीवर बोलणारा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा लहर सोडतो आणि जवळच्या माइकला ती ‘टिर्र टिर्र’ अशी ऐकू जाते. एवढं करायला अर्धा तास पुरतो आणि पैसा लागत नाही. पण पॉवर बँक मुलीकडे असते आणि मुलीकडे वस्तू मागण्यापेक्षा नवी मागवणं सोपं, असा घरोघरचा अनुभव.

कोणी म्हणेल, हे गृहस्थ पेशाने इंजिनिअर आहेत, त्यांना पद्धत का शिकवता? पद्धत त्यांना येतेच. ऑफिसात हेच गृहस्थ एका वेळी एकच गोष्ट बदला, असं ज्युनिअरांना बजावत असतात. पार्किंगमध्ये मात्र ठोकळा बसवला, वायर दुसरीकडून नेली, कार्ड बदललं आणि माइकवरची पातळ फिल्मही काढली, हे सगळं एकाच सकाळी होतं. आवाज कमी झाला तर श्रेय कोणाला द्यायचं ते कळत नाही, म्हणून ते सगळ्यात महागड्या वस्तूला दिलं जातं. त्यातच तपासणीची वेळ असते रात्रीची, बंद गाडीत, सामसूम असताना. बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय असते. बाहेर शांतता असली की ती माइकची संवेदनशीलता वाढवत नेते, आणि एरवी हॉर्नखाली दबलेली बारीक सरसर वर येते. म्हणजे जितक्या शांतपणे गृहस्थ कान देतात, तितकी भुणभुण मोठी होते. काही भुणभुणी खरोखर लबाड असतात, हेही मान्य केलं पाहिजे. अल्टरनेटरमधला डायोड खराब होत चालला असेल तर शिट्टी एक दिवस येते, एक दिवस नाही. पण अशा वेळी तर एकेक गोष्ट बदलत जाणंच जास्त गरजेचं.

दुसरा आक्षेप घरातून येतो: चित्र दिसतंय ना, मग माइक बंद करून टाका. बऱ्याच कॅमेऱ्यांत तसं बटण असतं. शिवाय गाडीतली सगळी बोलणी साठवायची कशाला, हा सवाल रास्तच आहे. पण समोरच्याने हॉर्न वाजवला होता का, ब्रेक कधी करकचला, धडक लागल्यावर खाली उतरून कोण काय म्हणालं, हे चित्रात दिसत नाही. गृहस्थ याच मुद्द्यावर भांडतात आणि इथे मी त्यांच्या बाजूचा आहे. फक्त एक गोष्ट ते घरी सांगत नाहीत. भुणभुण गेल्यावर पहिल्यांदा लख्ख ऐकू येतात ते त्यांनी स्वतः रिक्षावाल्याला उद्देशून काढलेले उद्गार.

राहता राहिलं शेवटचं: छंद निरुपद्रवी आहे, मग हसता कशाला? मला तो तितका निरुपद्रवी वाटत नाही. वायर लांबून न्यायची म्हणून गृहस्थ काचेशेजारच्या खांबावरचं प्लास्टिक उचकटतात, आणि पडदा-एअरबॅग असलेल्या गाड्यांत ती बॅग तिथेच दुमडलेली असते. तिच्यावरून वायर ओढणं म्हणजे भुणभुणीपायी जीव टांगणीला लावणं. त्याहून मोठा घोळ म्हणजे सॉफ्टवेअरने आवाज ‘स्वच्छ’ करून त्याच नावाने फाइल जपणं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत लिहावी लागते. फाइलमध्ये एवढासाही बदल झाला की ही किंमत बदलते. अशा प्रमाणपत्राची अट आधीच्या कायद्यातही होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ती पक्की केली ती जालन्याच्या खटल्यात. उमेदवारी अर्ज मुदतीत भरला की नाही, हे तिथे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. कोर्टात भुणभुणणारी मूळ फाइल चालेल. गुळगुळीत केलेली फाइल दाखवली, तर समोरचा वकील पहिला प्रश्न मूळ फाइल कुठे आहे, हाच विचारेल.

तेव्हा असे कोणी ओळखीचे असतील तर त्यांना ठोकळा भेट देऊ नका, अर्ध्या तासासाठी पॉवर बँक द्या. आणि ती देण्याआधी बुधवारी ट्रकने गाडी घासली त्या वेळची फाइल दुसरीकडे उतरवून घ्यायला सांगा. कार्ड भरलं की डॅशकॅम जागा करण्यासाठी सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग आपणहून पुसत जातो, आणि पार्किंगमधल्या शांततेचं रेकॉर्डिंगही कार्डावर तितकीच जागा खातं.