खिंडसीचे दोन भराव

रामटेकला पाहण्यासारखं पुष्कळ आहे, असं मला सांगण्यात आलं आहे. गडावर रामाचं देऊळ आहे, वाकाटकांच्या काळातलं केवल नरसिंहाचं देऊळ आहे, कालिदासाचं स्मारक आहे आणि या सगळ्यांवर देखरेख ठेवणारी काळ्या तोंडाची वानरं आहेत. त्यांतली वानरं तेवढी मी नीट पाहिली, कारण आमच्याजवळची केळी त्यांनी आधी पाहिली होती. बाकी सगळं खिंडसीच्या तलावात बुडालं.

बेत तसा उदात्त होता. जन्मभर मी कॉलेजात मेघदूत शिकवलं. त्यातला रामगिरी म्हणजे हेच रामटेक, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी साधार मांडलेलं आहे आणि नागपूरचा माणूस म्हणून मला ते आधार न बघताही पटलं असतं. आषाढ लागायच्या दिवशी गडावर उभं राहून एखादा काळा ढग बघावा, दोन-चार श्लोक आठवावेत, बायकोला ऐकवावेत, तिनं ऐकू नयेत, इतकीच माझी अपेक्षा. पण आमच्यासोबत माझे साडभाऊ आले.

भाऊराव पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. देवळात गेले तरी मूर्तीआधी ते जोत्याला नमस्कार करतात. आमचं लग्न होऊन सून आली तरी माझ्या पोटाविषयी त्यांचं तांत्रिक मत बदललेलं नाही. "गुरुजी, भराव उत्तम झाला," ते प्रत्येक भेटीत म्हणतात, "पण दबाई राहिली. थरावर थर टाकत गेले, रोलर कोणी फिरवलाच नाही."

गडाच्या पायथ्याशीच त्यांनी विचारलं, "खिंडसी पाहायची ना?" आणि बायकांनी, वर चढायचं टळतंय म्हटल्यावर, एकमुखानं होकार दिला.

खिंडसीचं धरण 1913 सालचं. इंग्रजांच्या काळात टेकड्यांमधली एक खिंड मातीनं बुजवून धानाच्या शेतीसाठी पाणी अडवलं. भिंत फक्त 189 मीटर लांब, उंची 23 मीटरच्या आसपास. जायकवाडीची माती भिंत 10 किलोमीटरच्या घरातली; तिच्यापुढे हे लेकरूच. पण मागे पसरलेलं पाणी मात्र ऐसपैस, चहूबाजूंनी डोंगर, आणि काठाला बोटी. धानाला पाणी देता देता तलावानं आता नागपूरकरांचे रविवारही अंगावर घेतले आहेत.

मला पाणी पेल्यातलं आवडतं. हे मी सांगेपर्यंत भाऊरावांनी पेडल बोटीचं तिकीट काढलेलं होतं. बोटीवरच्या पोरानं मला तरंगायचं जाकीट चढवलं. त्याची बक्कल दोन्ही बाजूंनी निघाली आणि मध्ये कुठेच भेटेना. पोरगं शालीन होतं. "काका, हे लहान साइजचं आहे," असं म्हणून त्यानं दुसरं आणलं. तेही लहान साइजचंच निघालं. शेवटी त्यानं दोरीनं मला जाकिटात बांधलं आणि बजावलं, "काठाकाठानं चालवा. आभाळ येऊन राहिलं. शिट्टी वाजवली का वापस या."

मी बसलो तशी बोट माझ्या बाजूला कलली. भाऊराव त्यांच्या बाजूला वर उचलले गेले आणि तिथून त्यांना धरण अधिकच स्पष्ट दिसू लागलं. सुकाणूचा दांडा त्यांच्या हातात होता. काठाकाठानं जायचं, हे त्यांना मान्यच होतं. फक्त त्यांच्या मते तलावाला पाहण्यालायक काठ एकच असतो, तो म्हणजे बांध.

अर्ध्या वाटेवर वारा सुटला. पाठीमागून सुटला, त्यामुळे बोट झपाझप निघाली आणि भाऊरावांनी माझ्या पायांचं कौतुक केलं. मी तोवर पेडल मारणं सोडून दिलं होतं. मग शिट्टी वाजली. आम्ही वळलो, म्हणजे वळायला सुरुवात केली. दोघांनी जिवाच्या आकांतानं पेडलं मारली, बोटीनं एक गिरकी घेतली आणि तोंड पुन्हा धरणाकडे केलं. पुन्हा जोर लावला, पुन्हा गिरकी. काठावरून हे दृश्य फार देखणं दिसत असावं, कारण दोघी बहिणी हात हलवत होत्या. एका हाताने. दुसऱ्या हातात भजी होती.

एवढ्यात ढग आला. चांगला मोठा, काळाभोर, ज्यासाठी मी आलो होतो तोच. यक्षाला वर्षभराची शिक्षा झाली, पण त्याचं एक बरं होतं: त्याला जमिनीवर ठेवलं होतं. शिवाय त्याची बायको दूर अलकेत बसून दिवस मोजत होती. माझी बायको ऐन नजरेच्या टप्प्यात दुसरी प्लेट मागवत होती. निरोप पाठवायला ढग हजर होता, पण तोही आम्हाला ढकलण्याच्या कामी लागलेला. फोन भिजू नये म्हणून तिच्याच पर्समध्ये दिला होता.

"भाऊराव, आपण धरणावर आदळणार!"

"पिचिंगवर," त्यांनी दुरुस्ती केली. "समोर दगडं दिसतात ना, ते पिचिंग. लाटांनी माती खाऊ नये म्हणून."

आणि मग, बोट हेलकावे खात असताना, मला माती धरणाचा पूर्ण पाठ मिळाला. पोटात काळ्या चिकणमातीचा गाभा, पाणी अडवायला. त्यावर मुरुमाचं कवच, गाभा सावरायला. पाण्याच्या अंगाला दगडी अस्तर, मागच्या अंगाला गवत, आणि पायथ्याशी दगडांचा टो, पाझरलेलं पाणी वाट काढून निघून जावं म्हणून. माती धरण पाझरतंच, त्याला कोणी भीत नाही. पाझर स्वच्छ असला की शांत झोपा. गढूळ झाला की पळा, कारण पाण्यासोबत आतली माती निघाली. बांधावर झाड वाढू द्यायचं नाही, मुळं आत वाटा करतात. आणि सगळ्यात मोठी भीती म्हणजे पाणी माथ्यावरून जाणं. दगडी धरण ते एखाद वेळ सोसेल, मातीचं सोसत नाही. म्हणून सांडवा हवा, पुरेसा रुंद, मोकळा.

"आणि खेकडे?" मी विचारलं. मी आपलं संभाषण चालू ठेवत होतो. दात वाजत असलेले लपतात.

भाऊराव एकदम तापले. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचं धरण फुटलं, खालची भेंदवाडी वाहून गेली, आणि तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांवर ठपका ठेवला. "खेकडे बिळं करतात, खरं आहे," भाऊराव म्हणाले. "उंदीर, घुशीही करतात. म्हणूनच बांधावर माणूस फिरवायचा असतो! बीळ दिसलं का बुजवायचं असतं! खेकड्याला पगार नाही मिळत, गुरुजी. त्याला काय विचारता?"

मी गप्प बसलो. वाराही जरा पडला होता. भाऊरावांनी पेडलवरून पाय काढले आणि मी न विचारताच बोलू लागले.

भंडाऱ्याकडच्या एका लहान तलावावर ते नवे असताना, पोळ्याच्या रात्री पाऊस थांबेना. पाणी सांडव्यावरून जात होतं आणि पाझर वाढला होता. खाली गाव. बैल सजवून, मिरवून, पुरणपोळ्या खाऊन झोपलेलं. उठवावं तर घबराट, न उठवावं तर... भाऊराव चौकीदाराला घेऊन बांधाच्या मागच्या पायथ्याशी गेले. चौकीदाराच्या हातात कंदील, यांच्या हातात चहाचा काचेचा ग्लास. दर थोड्या वेळानं पाझराचं पाणी ग्लासात धरायचं, ग्लास कंदिलासमोर नेऊन पलीकडची वात स्पष्ट दिसते का ते बघायचं आणि पाणी ओतून द्यायचं. उजाडेपर्यंत हेच. वात दिसत राहिली.

"सकाळी तान्हा पोळा," ते म्हणाले. "गावातली पोरं लाकडी नंदी घेऊन बोजारा मागायला आली. साहेब नवे होते ना. खिशात जे होतं ते सारं वाटलं. पोरं म्हणत, साहेब लय मोठा माणूस आहे. त्याईला काय माहीत!"

ते हसले. मला हसू आलं नाही. कितीतरी वर्षांच्या ओळखीत या माणसाच्या विनोदांना मी दाद देत आलो, पण त्यानं रात्री काय काय केलं होतं ते कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात बोट दगडांना थडकली. जूनमध्ये पाणी खाली गेलेलं, त्यामुळे अस्तराचा मोठा उतार उघडा पडला होता. भाऊरावांनी वाकून एक दगड हातानं हलवून पाहिला, मग शेजारचा, मग त्याच्या वरचा. एकही हलला नाही. "शंभरी उलटून गेली," ते म्हणाले, "आणि बघा कसं बसवलंय!" मी मात्र बोटीतच आडवा झालो होतो. उठून बसणं दोरीमुळे शक्य नव्हतं.

"ओ काका! बांधावर चढायचं नाही! उतरा खाली!" वरून आवाज आला.

दुसऱ्या कुणाचा अपमान झाला असता. भाऊरावांचा चेहरा उजळला. "माणूस आहे हो!" ते मला म्हणाले. "बांधावर माणूस आहे!" आणि वर बघून त्यांनी त्याला कडक सलाम ठोकला. तो बिचारा गोंधळून निघून गेला.

मोटरबोट आली आणि आम्हाला ओढत घेऊन गेली. पोरानं दोरी सोडवली, जास्तीच्या वेळेचे पैसे घेतले नाहीत. बायकोनं विचारलं, "किती लांब गेलात! आवडलं वाटतं?" भजी संपली होती. कालिदासाकडे जायला वेळ उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाऊरावांनी संबंधित कचेरीला पत्र धाडलं. बांधाच्या पाण्याकडील बाजूची समक्ष पाहणी केली, अस्तर सुस्थितीत आहे, झाडं नाहीत, बिळं नाहीत, देखरेखीचा कर्मचारी जागेवर हजर होता. सबब धरण ठीक आहे. तक्रार काहीही नाही. निवृत्त माणसाचं असं बिनतक्रारीचं पत्र आल्यावर तिथे केवढी घबराट उडेल, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. उलट पाहणीचं साधन म्हणून पेडल बोटीचा उल्लेख केला आणि खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.