लेबर वाचलं

आमच्या इमारतीतल्या अण्णांनी रविवारी पुन्हा बॉनेट उघडलं आणि पार्किंगमधून माझी गाडी बाहेर काढायचा रस्ता पुन्हा बंद झाला. अण्णांची वेगळी ओळख करून द्यायला नको. तुमच्याही सोसायटीत ते आहेत. बनियनवर काळे डाग, कानामागे स्क्रू ड्रायव्हर, आणि गाडी गॅरेजला देणं म्हणजे सणाला पुरणपोळ्या विकत आणण्याइतकं लाजिरवाणं, अशी ठाम समजूत.

गाडी मारुती 800. 796 सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटरवाली. ही गाडी 1983 मध्ये बाजारात आली, 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. अण्णांच्या तावडीतून तिची अजून सुटका झालेली नाही. पंधरा वर्षं उलटून गेल्यामुळे दर पाच वर्षांनी ते तिला आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करून आणतात, आणि येताना पेढे आणतात.

अण्णांची एक वही आहे. कुठलंही काम झालं की हात धुवायच्या आधी ते कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला फोन लावतात. "काय रे, आठशेचे प्लग-पॉइंट साफ करून टायमिंग लावायचं लेबर काय घेतोस हल्ली?" तो बिचारा आकडा सांगतो. अण्णा "बरं" म्हणून फोन ठेवतात आणि तो आकडा वहीत "लेबर वाचलं" या मथळ्याखाली चढवतात. गॅरेजवाल्याने दर वाढवले की अण्णांचं उत्पन्न वाढतं.

एकदा पेट्रोल पंपाचं गॅस्केट गेलं. गाडी उघडी पडलेली, म्हणून अण्णा रिक्षाने नाना पेठेत गेले. आणलेलं गॅस्केट दुसऱ्याच मॉडेलचं निघालं. पुन्हा रिक्षा. मग लक्षात आलं की नटच गोल झालाय आणि त्याला पकडणारा पाना घरात नाही. पाना नवा घ्यायचा नाही, जुन्या बाजारातच घ्यायचा, आणि जुना बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी. बुधवार उजाडेपर्यंत काकू बँकेत, भाजीला आणि भिशीला रिक्षाने जात होत्या.

"अण्णा, रिक्षाचं भाडं वजा केलंत का?"

"तो प्रवास. लेबर नव्हे."

आता हे लेबर वाचतं म्हणजे नेमकं काय होतं, ते ब्रेकमधली हवा काढायच्या दिवशी कळलं. या कामाला माणसं दोन लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे आणि घट्ट करायचं. मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा पुन्हा आत. असं चारही चाकांना. पेडलवर मी. टॉर्च धरायला तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा, ज्याला "इथे नको, तिथे" याखेरीज त्या दिवशी काही शिकायला मिळालं नाही. ब्रेक ऑइलची बाटली घेऊन काकू. संध्याकाळी बॅटरी उतरली, तेव्हा धक्का मारायला वॉचमन आणि क्रिकेटची अख्खी टीम. वहीत नोंद झाली: लेबर वाचलं, चारशे रुपये.

हे सगळं खरं. पण मी माझी गाडी सर्व्हिस सेंटरला देतो. तिथे टाय लावलेला एक तरुण ऑइल बदलण्याच्या जोडीला इंजिन ड्रेसिंग, अंडरबॉडी कोटिंग, एसीचं निर्जंतुकीकरण अशी यादी फार प्रेमाने वाचतो आणि मी मान डोलावतो. अण्णांनी ते बिल एकदा मागून घेतलं, चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "यात काम तीन ओळींचं आहे. बाकी आहेर." वर फुकट सल्ला: एअरबॅगच्या वायरींना हात लावायचा नाही, आणि लोखंडी घोड्या लावल्याशिवाय नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. बाकी सगळं घरी होतं. दुसऱ्या रविवारी माझ्या गाडीचा एअर फिल्टर त्यांनी बदलायला लावला. मला. टॉर्च त्यांनी धरली. पाच मिनिटांचं काम होतं, हे कबूल करायला जिवावर येतंय.

मग लग्नसराईत तो कोपऱ्यावरचा गॅरेजवालाच अण्णांच्या दारात आला. कुणाच्या तरी वरातीसाठी एक प्रीमियर पद्मिनी काढली होती, आणि ती चालू होऊन होऊन बंद पडत होती. गॅरेजची पोरं स्कॅनर घेऊन उभी, पण त्या गाडीला स्कॅनर खुपसायला जागाच नाही. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 आलं, तेव्हापासून नव्या दुचाकींतूनसुद्धा कार्ब्युरेटर जवळजवळ गेला; या पोरांनी तो हातात घेतलेला नव्हता. अण्णांनी इंजिनाचा आवाज ऐकला, कार्ब्युरेटर उतरवला, जेट काढून तोंडाने फुंकला, पेट्रोलची चव आल्यावर थुंकले, आणि परत बसवून कान लावून स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे करत राहिले. गाडी लागली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

गॅरेजवाल्याने खिशात हात घातला. "काका, लेबर किती देऊ?"

अण्णा गडबडले. आयुष्यभर त्यांनी हा प्रश्न विचारला होता, त्यांना कुणी विचारला नव्हता.

"तू काय घेतोस?"

"मी हे काम आता घेतच नाही, काका. जमणारं माणूस नाही."

म्हणजे बाजारात दरच नाही. वहीतली ती ओळ अजून आकड्यावाचून कोरी आहे.

तेव्हा कार्ब्युरेटरची गाडी असेल आणि ती मिसिंग करत असेल, तर खुशाल अण्णांकडे आणा. पैसे घेणार नाहीत, चहा तेच पाजतील, दिवस मात्र मोकळा ठेवा. टॉर्च तेवढी घरून आणा. त्यांच्या टॉर्चचे सेल कायम उतरलेले असतात.