व्हय म्हाराजा, कादंबरी तयार आसा!

मालवणी मुलखात वाडीगणिक एक राखणदार असतो, एक दशावतारी असतो आणि एक होऊ घातलेला कादंबरीकार असतो. तिघांचंही काम रात्रीचं. पहिले दोघे आपलं काम पहाटेपर्यंत आटोपतात. तिसऱ्याचं अकरा वर्षं चालू असतं. दिवसा तो शाळेत, पतपेढीत नाहीतर ग्रामपंचायतीत. ‘काय कादंबरीकारांनू, खयपर्यंत इली?’ असं गाव त्याला विचारतं, ते थेट उशिरा सुटलेल्या एसटीची चौकशी करावी त्या सुरात. कादंबरी आलेली असते, म्हणजे लिहून झालेली असते. 480 पानांचं बाड, काजूगराच्या दुकानाच्या पिशवीत, वर सुंभाची गाठ. पहिल्या पानावर अर्पणपत्रिका, दुसऱ्यावर ऋणनिर्देश, तिसऱ्यावर ‘सर्व हक्क लेखकाधीन’. ते हक्क मागायला अजून कोणी आलेलं नसतं, एवढीच काय ती अडचण.

ही अडचण दूर करायला इंग्रजीत लेखकाचा एजंट असतो. मराठीत ती जमात रुजली नाही. आपल्याकडे एजंट म्हटलं की माणसं विम्याचा हप्ता भरला का ते आठवू लागतात. त्यामुळे आपल्या कादंबरीकाराला प्रकाशकाकडे स्वतःच जावं लागतं, आणि त्याआधी जावं लागतं त्याच्या पत्राला. या पत्रात तो खरा फुलतो. सुरुवात ‘स. न. वि. वि.’, मग बालपणापासूनची साहित्याची आवड, आजोळची विहीर, सातवीत निबंधाला मिळालेलं बक्षीस, कादंबरी वाचून सौभाग्यवतींच्या डोळ्यांत आलेलं पाणी. चौथ्या पानावर कळतं की कादंबरी सामाजिक आहे. ती कोणाची, कशाबद्दल, हे शेवटपर्यंत कळत नाही. याच पत्राच्या नऊ प्रती निघतात आणि त्यांतल्या एकीवर पुण्याच्या प्रकाशकाच्या पत्त्याखाली मुंबईच्या प्रकाशकाचं नाव राहून जातं. मे महिना असेल तर सोबत देवगड हापूसची पेटी. प्रकाशकाला आंबा लक्षात राहतो.

यात नवल एवढंच, की चार ओळींत आपलं मागणं मांडायची कला जगात कोणाला उपजत असेल तर ती याच माणसाला. देवापुढे घातलेलं गाऱ्हाणं ऐका. कुठल्या देवाला हाक मारतोय, कोण उभा आहे, कोणाच्या वतीने, काय हवं आणि ते मिळालं तर काय करू, एवढं सगळं दोन-चार दमांत बसतं आणि प्रत्येक दमाला मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून शिक्का मारतात. गाऱ्हाणं घालणारा स्वतःच्या बालपणात शिरत नाही. दशावतारात तर याहून थोडक्यात भागतं. लिहिलेली संहिता नसते. तोंडाला रंग लावता लावता मंडळी कोण राजा, कोण राक्षस, भांडण कशावरून एवढं ठरवून घेतात आणि त्या भांडवलावर रात्र जागवतात. हा इसम दर जत्रेला पुढच्या रांगेत बसून ते बघतो. घरी येऊन मात्र स्वतःच्या कथानकाचा सारांश लिहायला घेतो आणि तो 26 पानांचा होतो.

यावर त्याचा पहिला आक्षेप तयार असतो: ‘चिं. त्र्यं. खानोलकरांनी घातलं होतं गाऱ्हाणं?’ कुडाळात खानावळ चालवणाऱ्या माणसाची कविता 1954 साली ‘सत्यकथे’त येते, 1966 साली ‘कोंडुरा’ ही कादंबरी येते, पुढे श्याम बेनेगल तिच्यावर चित्रपट काढतात, हे सगळं खरंच आहे. पण त्यातून आपला गडी खानावळीचा धडा घेतो, ‘सत्यकथे’चा घेत नाही. नव्या प्रकारचं लिहिणाऱ्याने नव्याचा शोध घेणाऱ्या मासिकाचं दार ठोठावलं, हा त्यातला मुद्दा. कोणापुढे काय ठेवायचं हे गावाला कळतं: आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावात फिरतो अशी श्रद्धा आहे. त्या चपला कोणी गणपतीपुढे ठेवत नाही. आपला कादंबरीकार मात्र खलाशाच्या आयुष्यावरची कादंबरी पाकक्रियांची पुस्तकं काढणाऱ्याकडे पाठवतो, आणि दिवाळी अंकाची जुळवाजुळव पावसाळ्यात उरकत आली की नवरात्रात संपादकाला विचारतो, ‘जागा आहे का?’ जयवंत दळवी याच आरवलीचे. ‘ललित’मध्ये ठणठणपाळ होऊन त्यांनी साहित्यिकांची वर्षानुवर्षं थट्टा केली, एवढा कच्चा माल गावाजवळ असल्यावर तुटवडा पडणार कसा?

दुसरा आक्षेप ओळखीचा. ‘पुण्या-मुंबईत आपला माणूस हवा.’ ओळखीने बाड टेबलावर पोचतं, हे मान्य. पाचवं पान उलटायला मात्र ओळख येत नाही. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते; पुण्या-मुंबईपासून एवढ्या लांब राहूनही त्यांच्या कादंबऱ्या छापल्या गेल्या. शिवाय ओळख नसलेल्यांसाठीही वाट आहे: राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्याच पुस्तकासाठी आहे. ओळख शोधण्यापेक्षा सावध राहावं ते बाड न वाचताच ‘छापतो, इतके भरा’ म्हणणाऱ्यापासून. तो गिऱ्हाईक निवडतो, कादंबरी नव्हे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: चार ओळींत मावते ती कादंबरी कसली? ट्विटरवर 2012 पासून पिटमॅड नावाचा मेळा भरायचा. एका ट्विटात कादंबरी सांगायची आणि एजंटाच्या पसंतीची वाट बघायची. 2022 मध्ये तो बंद झाला. अशा खेळात चटपटीत ओळ पुढे जाते आणि खोल पुस्तक मागे राहतं, हे नाकारता येत नाही. पण गाऱ्हाण्याने नवस फिटत नाही. देवाचं लक्ष तेवढं वळतं. चार ओळी कादंबरीच्या बदली वाचायच्या नसतात, बाडाची गाठ सुटावी म्हणून वाचायच्या असतात. 1996 साली अरुंधती रॉय यांचं हस्तलिखित वाचून डेव्हिड गॉडविन हा एजंट लंडनहून दिल्लीला धावला, तो पानांच्या ओढीने. आपला माणूस ही गोष्ट ऐकून चिपीच्या विमानांचं वेळापत्रक बघतो. विमान उतरेलही, आधी पानं कोणीतरी उघडायला हवीत.

नकार आला तर तोही मालवणी रीतीने घ्यावा. डावा कौल पडला म्हणून कोणी देवळाला कुलूप लावत नाही. प्रश्न नीट मांडून पुन्हा कौल लावतात. प्रश्न नीट झाला की नाही हे कळायला पुण्यापर्यंत जायची गरज नाही, चहाची टपरी पुरते. ‘खयपर्यंत इली?’ असं कोणी विचारलं की अकरा वर्षांचा हिशेब न देता कादंबरी कोणाची आणि त्याच्यावर काय गुदरलं, एवढंच एका दमात सांगावं. ऐकणारा ‘बरां’ म्हणून चहाकडे वळला, तर पत्र फाडून नवं लिहावं. त्याचा कप मध्येच थांबला आणि त्याने ‘मगे?’ विचारलं, तर तडक पोस्टात जावं. आंब्याची पेटी घरीच ठेवावी.