नफा 2039 पासून

घरात पेट्रोलची गाडी असलेला चेंबूरकर 2025 च्या ऑगस्टपासून अस्वस्थ आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं हे त्याला तेव्हा एकदम कळलं, आणि तेव्हापासून गाडीचा प्रत्येक आवाज त्याला उसाचा वाटू लागला. सकाळी इंजिन खाकरलं, इथेनॉल. चढावर दम लागला, इथेनॉल. एसी गार हवा देत नाही, तेही इथेनॉलच. सप्टेंबरच्या पहिल्याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने याविरुद्धची याचिका फेटाळली, आणि मग घरोघरी तोडगा निघाला: ही काढून टाकू, एखादी चांगली सेकंडहँड डिझेल बघू. डिझेलमध्ये ऊस नाही. शिवाय डिझेल परवडतं.

हे जे ‘डिझेल परवडतं’ आहे ना, ते 2012 सालचं वाक्य आहे. त्या वर्षी मे महिन्यात मुंबईत पेट्रोल 78 रुपयांच्या वर गेलं होतं आणि डिझेल पन्नाशीच्याही आत होतं. लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक! शेतकऱ्याच्या पंपासाठी आणि एसटीसाठी म्हणून सरकारने धरून ठेवलेला भाव डायमंड गार्डनला गोल फिरणाऱ्या एसयूव्हीच्या टाकीत आरामात जात होता. देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून जास्त गाड्या तेव्हा डिझेलच्या होत्या, यात नवल काहीच नव्हतं. मग जानेवारी 2013 पासून सरकारने महिन्याला पन्नास पन्नास पैसे चढवत नेले आणि ऑक्टोबर 2014 मध्ये हात काढून घेतला. 2025 च्या अखेरीस मुंबईत पेट्रोल साधारण 103 रुपये 50 पैसे होतं आणि डिझेल 90 रुपये. फरक साडेतेरा रुपये. भाव बदलले, सरकारं बदलली, लग्नाला आलेल्या मेव्हण्यांचं वाक्य बदललं नाही.

या साडेतेरातलेही दीडेक रुपये 2024 च्या जुलैत मिळाले. अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे, नवी मुंबईपुरता डिझेलवरचा व्हॅट 24 वरून 21 टक्क्यांवर आणला, पेट्रोलवरचा 26 वरून 25 वर. चेंबूरकराला त्याचं फार कौतुक वाटलं नाही. 1954-55 पासून माहुलला तेल शुद्ध होतंय, दोन दोन कारखान्यांच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात. वास आपल्याला फुकट घरपोच, डिझेल मात्र व्हॅटसकट.

असो. हिशेब करू. शहरात पेट्रोलची गाडी 14 चं अॅव्हरेज देते असं धरा आणि तशीच डिझेलची 18 चं. (डिझेलवाला बावीस सांगेल. तो हायवेचा आकडा असतो, तोही उताराचा.) म्हणजे पेट्रोलला किलोमीटरमागे 7 रुपये 40 पैसे, डिझेलला 5 रुपये. वाचले 2 रुपये 40 पैसे. आता गाडी वर्षाला चालते किती? रविवारी मॉल, अधूनमधून डोंबिवलीची बहीण, गणपतीत आणि मे महिन्यात रत्नागिरी. सहा हजार किलोमीटर धरले तर तेही दिलदारपणे. वर्षाची बचत 14,400 रुपये. जुनी पेट्रोल देऊन 2025 मध्ये 2018 ची बरी डिझेल घ्यायची तर वर दोनेक लाख मोजायचे. दोन लाखांना 14,400 ने भागा. चौदा वर्षं. गाडीची नोंदणी संपते 2033 मध्ये आणि नफा सुरू होतो 2039 पासून.

इथेनॉलची खुन्नस यात धरली नाही, असं कुणी म्हणेल. धरू. पेट्रोलियम मंत्रालयाच्याच म्हणण्यानुसार ई20 साठी न बनलेल्या गाड्यांचं अॅव्हरेज 3 ते 6 टक्क्यांनी घसरतं. सहाच्या सहा टक्के घ्या. वर्षाला साधारण 2,600 रुपयांचा फटका. मग नफा 2037 पासून. अभिनंदन.

मुळात या हिशेबात इंधन हा मुद्दाच नाही. चेंबूरची गाडी पेट्रोलवर चालत नाही, डिझेलवरही चालत नाही. ती उभी असते. टिळकनगर घ्या, सुभाषनगर घ्या, पेस्तमसागर घ्या: एकदा गाडी काढली की परत आल्यावर जागा मिळेल याची हमी नाही, म्हणून गाडी काढायचीच नाही. अशी माणसं मी ओळखतो की ज्यांनी भाजी आणायला रिक्षा केली कारण गाडीला चांगली जागा मिळाली होती. उभ्या गाडीचं अॅव्हरेज दोन्ही इंधनांवर सारखंच. डिझेलचा फायदा किलोमीटरमध्ये असतो, आणि किलोमीटर आपल्याकडे नाहीत. अमरमहल ते चेंबूर नाका एवढ्या अंतरात आपल्याकडे आहेत ते तास.

तरीही घ्यायचीच, असं घरात ठरलंच असेल (ठरतंच, ठरल्यावर हिशेब मागवण्याची आपल्याकडे पद्धत आहे), तर पुढचा पेच सालाचा. एप्रिल 2020 च्या आधीची घ्यायची की नंतरची?

आधीची म्हणजे बीएस-4. कित्येकींमध्ये फियाटचं ते 1.3 लिटरचं इंजिन. मारुतीपासून टाटापर्यंत किती कंपन्यांचा संसार त्या एका इंजिनाने ओढला! आपल्या रांजणगावातही ते बनायचं. कोणताही गॅरेजवाला ते डोळे मिटून खोलतो आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे भाग मिळण्याची ददात नाही. मारुतीने मात्र एप्रिल 2020 ला डिझेलचं दुकानच बंद केलं. या बाबतीत मारुतीची अक्कल आपल्या मेव्हण्यांपेक्षा जास्त असू शकते, एवढी शक्यता तरी विचारात घ्यावी.

नंतरची म्हणजे बीएस-6. हिच्या धुराच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी बसवलेली असते. इंजिनाची काजळी त्यात अडकते आणि गाडी चांगल्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं सलग पळाली की आपोआप जळून जाते. आता चेंबूरमध्ये पंधरा मिनिटं सलग पळायचं कुठे? सुमननगरच्या सिग्नलला? सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडवर? संध्याकाळी मैत्री पार्कला बसच्या मागे? गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि गॅरेजवाला डॉक्टरी आवाजात सांगतो, “हिला आठवड्यातून एकदा फ्रीवेला पळवत जा.”

म्हणजे काय, तर दर रविवारी पहाटे उठून ईस्टर्न फ्रीवेने पी. डिमेलो रोडपर्यंत जायचं, तिथे काहीही काम नसताना वळायचं आणि परत यायचं. सतराएक किलोमीटर जाताना, तेवढेच येताना. डिझेल सुमारे 170 रुपयांचं. वर्षाच्या बावन्न रविवारांचे झाले 8,840. वर जी 14,400 ची बचत केली होती, तिच्यातले एवढे गाडीच्या व्यायामावर गेले. मधुमेह झाल्यावर माणूस डायमंड गार्डनला चालायला जातो ते निदान फुकट असतं.

आता दिल्लीची गाडी. जाहिरातीत दीडेक लाखाने स्वस्त दिसते ती. दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर तिथे 2015 मध्ये हरित लवादाने बंदी घातली, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि 1 जुलै 2025 ला तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं. ते काही दिवसांतच गुंडाळलं, पण तोवर अर्ध्या दिल्लीला आपली गाडी परराज्यात नांदावी असं वाटू लागलं होतं. एनओसी आणा, इथला रस्ता कर भरा, एमएच-03 चं पासिंग करून घ्या, मग ती आपली. महाराष्ट्रात नव्या डिझेल गाडीचा कर किमतीच्या 13 ते 15 टक्के, पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्तच. सरकारला या इंधनाबद्दल काय वाटतं, ते करातून कळतं.

न्यायालयाला काय वाटतं तेही कळलंय. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हवेचा प्रश्न हाती घेऊन विचारलं, की पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने हटवून फक्त सीएनजी आणि विजेच्या ठेवता येतील का? सरकारने त्याच महिन्यात निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली आणि तीन महिन्यांत अहवाल मागितला. समितीच्या बैठकीला सात जण कोणत्या इंधनावर जातात, हे शासन निर्णयात नमूद नव्हतं. पण ज्या शहरात असा प्रश्न विचारला गेलाय तिथे 2018 च्या डिझेलवर दोन लाख लावणं म्हणजे धाडसच. टॅक्सीवाल्यांना विचारा. पद्मिनीही एकेकाळी डिझेलवर धावायची, शेजारच्या कुर्ल्यातच बनायची; न्यायालयाचा बडगा आला आणि टॅक्सीच्या डिकीत सीएनजीचं नळकांडं जाऊन बसलं. बॅग ठेवायची कुठे, हा प्रवाशाचा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

मग सीएनजीच का नको? 2025 मध्ये ऐंशी रुपये किलो होता, अॅव्हरेज झकास. पण त्याच वर्षी 16 नोव्हेंबरला चेंबूरच्याच आरसीएफच्या आवारात गॅसची मुख्य वाहिनी फुटली आणि वडाळ्याकडे जाणारा पुरवठा आटला. आपल्याच कुंपणात झालेल्या भोकामुळे अख्ख्या मुंबईच्या रिक्षा पंपासमोर झोपल्या. शहराची चूल पेटायची ती चेंबूरमधून, आणि विझायची तीही इथूनच.

डिझेल कुणाला परवडतं, हेही सांगायला हवं, नाहीतर मेव्हणे पत्र पाठवतील. ज्याला दर आठवड्याला पुण्याला किंवा नाशिकला जावंच लागतं, वर्षाला अठरा हजार किलोमीटर होतात, त्याची 43,000 ची बचत होते आणि दोन लाख पाच वर्षांच्या आत फिटतात. त्याची गाळणीही एक्स्प्रेसवेवर साफ राहते. त्याने खुशाल घ्यावी. फक्त बघायला जाताना न कळवता सकाळी जावं आणि बॉनेटला हात लावून बघावा. गरम लागलं, तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच गाडी चालू करून ठेवलेली आहे आणि थंड इंजिन कसं सुरू होतं ते तुम्हाला दिसू नये अशी त्याची इच्छा आहे. आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय का ते पाहावं. आणि पांढऱ्या पाटीखाली कधी पिवळी पाटी होती का, हेही शोधावं. तीन वर्षं विमानतळाच्या फेऱ्या मारलेल्या गाडीचा मीटर फार नम्र झालेला असतो.

आमचे शेजारी अशी एक गाडी बघायला घाटल्याला गेले होते. 2018 ची, पहिला मालक, बॉनेट गार, सर्व्हिसिंगची सगळी बिलं फाइलला लावलेली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा जागेवर. खोट काढायला जागाच नव्हती, म्हणून त्यांनी निघता निघता सहज विचारलं, “एवढी छान गाडी विकताय, मग आता घेणार कुठली?”

“पेट्रोलची,” मालक म्हणाले. “आमचं रनिंग कुठे आहे हो एवढं?”