कल्याण वरच्या मजल्यावर

सरकारला दिव्यांगांची कदर नाही, असे म्हणणाऱ्या मंडळींनी आमच्या तहसील कचेरीत यावे आणि संगायो शाखेचा जिना पाहावा. संगायो म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९८० सालची. शाखा वरच्या मजल्यावर आहे. भाबड्या माणसाला वाटते, ही चूक झाली. चूक कसली? ती वैद्यकीय मंडळाच्याही आधीची प्राथमिक तपासणी आहे. जो जिना चढून टेबलापर्यंत पोचला, त्याला फारसे काही झालेले नाही, हे तिथल्या कारकून भाऊसाहेबांना बसल्या जागी कळते. जो खालीच राहिला, त्याच्या नावापुढे ‘अर्जदार गैरहजर’ असा शेरा मारता येतो. रॅम्पही आहे, बरे का. नियमाला रॅम्प हवा होता, तो बांधला. तो न्यायचा कुठे, हे ठेकेदारावर सोडले होते. त्याने तो बंद शटरपर्यंत नेला.

योजना नाहीत, असेही कोणी म्हणू नये. पेन्शन तहसीलदाराकडे, प्रमाणपत्र सिव्हिल हॉस्पिटलकडे, पाच टक्के निधी ग्रामपंचायतीकडे नाहीतर नगरपालिकेकडे, प्रवासाची सवलत एसटीकडे आणि स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचा एक लाखाचा ‘निरामय’ आरोग्य विमा थेट राष्ट्रीय न्यासाकडे. एकाच वाड्यात राहून अबोला धरलेल्या जावांसारखी ही खाती. या सगळ्यांवर लक्ष ठेवायला महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग सुरू केला. विभाग मुंबईत, अर्जदार जिन्याच्या पायथ्याशी. कुठली योजना कुठे मिळते, याचा फलक मात्र कचेरीत ठळक अक्षरांत लावलेला आहे. जिन्याच्या वरच्या टोकाला.

आमच्या चौकात पेरू विकणारे एक मामा आहेत. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. त्यांना कोणीतरी सांगितले की पेन्शन मिळते, आणि मामा शासनव्यवस्थेत शिरले.

पहिले काम वैश्विक ओळखपत्राचे, ज्याला सगळे यूडीआयडी म्हणतात. हे कार्ड असले की दुसरे काही दाखवावे लागत नाही, असे सांगतात. विश्वभर चालणारे हे कार्ड रेल्वेच्या खिडकीशी थांबते, कारण रेल्वेचे सवलतीचे ओळखपत्र रेल्वेकडून वेगळे काढावे लागते. विश्वात रेल्वे येत नसावी. अर्ज केल्यावर महिन्याभरात प्रमाणपत्र द्यावे, असा पूर्वी नियम होता. ते जमेना. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये नियमच तीन महिन्यांचा केला. दिरंगाई संपवण्याचा इतका जालीम उपाय जगात कोणी शोधला नसेल.

त्याच दुरुस्तीने कार्डाला रंगही आले. चाळीस टक्क्यांच्या आत पांढरे, चाळीसपासून ऐंशीच्या आत पिवळे, त्यापुढे निळे. आपल्याकडे दहावीला पस्तीस टक्क्यांना पास करतात. इथे चाळीस लागतात. एकोणचाळीस टक्केवाल्याला पांढरे कार्ड देऊन सरकार सांगते, तुला त्रास आहे हे आम्हाला मान्य आहे, आता घरी जा. ग्रेस मार्क नाहीत. पुढची श्रेणीही कडक आहे. चाळिसाला राज्याचे दार उघडते. केंद्राच्या पेन्शनला ऐंशी टक्के लागतात, वर दारिद्र्यरेषेखालीही असावे लागते, आणि एवढी गुणवत्ता सिद्ध केल्यावर केंद्र दरमहा तीनशे रुपये देते. म्हणजे दिवसाला दहा. चहा बाहेर घ्यायचा की घरी, हे लाभार्थ्याने ठरवायचे.

मामांचे निदान सोपे होते, पाय नव्हताच. खरी पंचाईत ज्यांचे दिसत नाही त्यांची. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते एकवीस केले. सिकलसेल आला, थॅलेसेमिया आला, हिमोफिलिया आला, पार्किन्सन आला. कायदा शिकला, टेबल अजून सातापर्यंतच मोजते. गडचिरोली-नंदुरबारकडची सिकलसेलची पोरगी समोर उभी राहिली, तर वरून खालपर्यंत पाहून विचारतात, “दिसत तर काही नाही?” रक्त बाहेर काढून दाखवावे, तर टेबल खराब होते.

मग उत्पन्नाचा दाखला. दिव्यांगासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा पन्नास हजार रुपये. महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट. लाडक्या बहिणीला हीच मर्यादा अडीच लाख आहे. बहिणीशी आमचे भांडण नाही, तिला मिळाले ते मिळायलाच हवे. पण भाऊ लाडका व्हायला बहिणीच्या पाचपट गरीब असावा लागतो, एवढे लक्षात ठेवावे. सेवा केंद्रातल्या पोराने मामांना विचारले, “पेरूचे किती मिळतात, मामा?” मामा खरे बोलणारे. त्यांनी हंगामातला आकडा सांगितला. पोराने कीबोर्डवरचे हात उचलून घेतले. “मामा, असं बोलू नका, मशीन ऐकतं.”

आता पेन्शन वाढली आहे, हे मान्य केले पाहिजे. पंधराशेचे ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार झाले. त्यासाठी लोकांना रस्त्यावर यावे लागले, पण त्यात नवल काय? जिना नसलेली जागा तेवढीच आहे.

पैसे थेट खात्यात येतात. त्यासाठी आधार जोडलेले हवे, केवायसी हवी, आणि यंत्राला बोट हवे. एकवीस प्रकारांत कुष्ठमुक्त व्यक्तीही येतात, ज्यांची बोटे आजाराने झिजून गेलेली असतात. त्यांना यंत्र म्हणते, पुन्हा प्रयत्न करा. बोट नसेल तर चेहरा दाखवा, डोळे मिचकवा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रियांना पापणीच हलवता येत नव्हती म्हणून केवायसी होईना. ते गाऱ्हाणे शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि सरकारला वीस निर्देश दिले. माणूस जिवंत आहे हे ओळखायला डोळा मिचकवण्यापलीकडेही काही खुणा असू शकतात, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला लिहून द्यावे लागले. सेवा केंद्रातल्या पोराला विचारले तर म्हणाला, “अपडेट आलं की करू.”

कागद पुरे झाले की अर्ज समितीपुढे जातो. तालुक्याच्या समितीचा अध्यक्ष पालकमंत्री सुचवतात, त्यामुळे गरजू कोण हे ओळखायला मतदारसंघाची उत्तम जाण लागते. सरकार बदलले की समिती बदलते. बदलेपर्यंत बैठक नाही. बैठक ठरली की आचारसंहिता. आमच्याकडे निवडणुका बारमाही पीक असल्याने मामांच्या अर्जाला विश्रांती भरपूर मिळाली.

मधल्या काळात ग्रामपंचायतीच्या पाच टक्क्यांतून काही होईल, म्हणून मामा तिकडे डोकावले. हा निधी वर्षभर झोपतो आणि मार्चअखेरीस दचकून उठतो. मग तो एकतीस तारखेच्या आत खर्च करायचा म्हणून सगळ्यांना एकच वस्तू वाटतात. शेजारच्या गावात भिंतीवरची घड्याळे वाटली. घेणाऱ्यांत दोघे अंध होते. फोटो छान आला.

धीर कसा धरावा हे शिकायचे असेल तर मुरलीकांत पेटकरांकडे पाहावे. सांगली जिल्ह्यातला हा सैनिक १९६५ च्या युद्धात गोळ्या खाऊन जायबंदी झाला आणि १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक घेऊन आला. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला. नामंजूर. पुरस्कार हातात पडला जानेवारी २०२५ मध्ये. विश्वविक्रम करूनही अर्ज एवढा वेळ घेतो, तर पेरूवाल्याने कुरकुर का करावी?

या सगळ्या कसोटीत एक जात मात्र सहज पार होते. खोटे प्रमाणपत्रवाले. जिना ते दोन-दोन पायऱ्या गाळून चढतात, सिव्हिलच्या रांगेत दिवसभर उभे राहू शकतात, बोट यंत्राला लगेच पटते, आणि फॉर्मचा प्रत्येक रकाना स्वच्छ अक्षरात भरतात. ही परीक्षा काढलीच आहे धडधाकट माणसासाठी. तोच पहिला येणार. मग कुठेतरी बोभाटा होतो, साहेब चिडतात, आणि फेरतपासणीचा हुकूम निघतो. खोटा पकडला जावा हे योग्यच. फक्त फेरतपासणीसाठी पुन्हा जिन्यापाशी यायचे असते ते खऱ्याने. मामांना विचारण्यात आले की पायाच्या स्थितीत काही सुधारणा आहे का. मामा म्हणाले, “उगवला की पहिला तुमच्याकडेच चालत येतो, भाऊसाहेब.”

पेन्शन शेवटी मंजूर झाली. काही हप्ते आले आणि थांबले. मामा जिना चढले. हयातीचा दाखला राहिला होता.

“मी समोर उभा आहे की, भाऊसाहेब.”

“समोर दिसून भागत नाही, मामा. सिस्टीमला दिसायला पाहिजे.”

मामा थोडा वेळ कठड्याला टेकून दम खात राहिले. मग त्यांनी विचारले, “आणि मेल्याचा दाखला? त्यालाही एवढंच लागतं?”

“छे, तो पटकन होतो,” भाऊसाहेब म्हणाले. “त्याला अर्जदाराने स्वतः यायची अट नाही.”