जीवरक्षक साहित्य, कोणतीही वस्तू ९९

स्वस्त जीवरक्षक साहित्य म्हणजे संकट येईपर्यंत उत्तम चालणारे साहित्य. शिट्टी, होकायंत्र, चकमक, चंदेरी चादर, दोरीचे कडे, बॅटरी, अकरा कामे करणारे पत्र्याचे कार्ड आणि सर्पदंशावरची पेटी असा त्याचा साधारण संसार असतो. हा संसार ‘कोणतीही वस्तू ९९’च्या दुकानात गाळण्या आणि केसांच्या चापांशेजारी टांगलेला असतो, स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर असतो, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी असतो आणि हल्ली मोबाइलवरही असतो. पाकिटावर बर्फाचे शिखर आणि एक दाढीवाला परदेशी गृहस्थ हटकून असतो. सह्याद्रीतल्या पावसाशी या गृहस्थाची गाठ पडलेली नाही, हे त्याच्या कोरड्या दाढीवरून कळते.

या मालाची परीक्षा घ्यायला हिमालय लागत नाही. कल्याणहून माळशेज घाटाने खुबी फाटा, तिथून खिरेश्वर, टोलार खिंड आणि वर हरिश्चंद्रगड, एवढी श्रावणातली वाट पुरते. चौदाशे मीटरच्या आसपास उंची, न थांबणारा पाऊस, धुके, शेवाळलेला कातळ, गुहेतला मुक्काम आणि कोकणकड्यावरचा वारा. पाकिटावर जेवढी संकटे छापलेली असतात, त्यांतली हिमवादळ आणि अस्वल वगळता बाकी सगळी इथे एका शनिवार-रविवारात भेटतात.

खरेदी बहुधा गाडी सुटायच्या आधी अर्धा तास होते. या बाजारात हिरव्या रंगाला फार मान. काळी वस्तू हिरवी केली की ती मिलिटरीची होते आणि वीस रुपयांनी महाग होते. ‘कमांडो वापरतात, साहेब,’ असे विक्रेता सांगतो, आणि कमांडो कल्याण स्टेशनबाहेर खरेदीला कधी येतात हे विचारण्याइतका वेळ गिऱ्हाइकाकडे नसतो. गॅरंटीचा विषय काढलाच, तर ‘चालू करून बघून घ्या’ हे उत्तर मिळते. ते बॅटरीच्या बाबतीत ठीक आहे. सर्पदंशाच्या पेटीच्या बाबतीत गिऱ्हाईक माघार घेते.

बॅटरीवर ५०,००० लुमेन असे छापलेले असते. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब ९०० लुमेनच्या आसपास प्रकाश देतो. म्हणजे पाकिटाच्या हिशेबाने दिवाणखान्यातले पन्नासहून अधिक बल्ब एका मुठीत मावतात आणि ते दोनशे रुपयांत मिळतात. आतला सेल बहुतेक वेळा १८६५० या मापाचा असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या मापात नामांकित कंपन्यांनाही साडेतीन-चार हजार एमएएचच्या पुढे जाणे जमलेले नाही. हातगाडीवरच्या सेलवर मात्र ९,९०० लिहिलेले असते. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यामुळे शंका आल्यास शेजारच्या मसाल्याच्या दुकानातला तराजू फार उपयोगी. सेल निम्म्या वजनाचा भरला तर रात्रही निम्मीच उजळेल. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली पेन्सिल सेलवरची साधी बॅटरी बरी. तिच्यावर कोणताही पराक्रम छापलेला नसतो आणि जादा सेलची जोडी कुठेही मिळते.

एसटीच्या प्रवासात पहिला बळी पाठीवरच्या पिशवीचा. ‘७० लिटर’ ही तिची क्षमता खरी आहे, फक्त ती पाण्याची आहे. चेन आणि शिवणी यांतून पाऊस आत जातो आणि तळाला अस्तर असल्यामुळे बाहेर येत नाही. वर चढवायचे हिरवे कव्हर माळशेजच्या पहिल्या झोतातच डोक्यावरून पुढे येऊन तोंड झाकते. यावरचा इलाज साहित्याच्या दुकानात मिळत नाही, भांड्यांच्या साबणाशेजारी मिळतो: कचऱ्याची मोठी, जाड, काळी पिशवी. ती पाठपिशवीच्या आत पसरून सामान तिच्यात भरावे आणि तोंडाला पीळ देऊन खाली दुमडावे. कोरडे कपडे कोरडे राहतात. डोक्या-हातांना भोके पाडली की तीच पिशवी अंगरखा होते. एवढ्या कमी पैशांत एवढे काम करणारी दुसरी वस्तू या लेखात येणार नाही, तरीही तिच्या पाकिटावर दाढीवाला गृहस्थ नाही.

खुबी फाट्यापासून खिरेश्वरपर्यंतची वाट पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधावरून जाते. इथे पाऊस वरून पडण्याऐवजी बाजूने येतो आणि पन्नास रुपयांच्या रेनकोटची खरी ओळख होते. तो घालताना डोके बाहीतून निघते. डोके जागेवर आले की टोपीचे बटण हातात येते. मग काखेत बोटभर चीर पडते आणि पुढच्या वाऱ्यात ती कमरेपर्यंत पोचते. न फाटलेला भाग आतला घाम बाहेर सोडत नाही, त्यामुळे अर्ध्या तासाने आतला माणूस आणि बाहेरचा माणूस सारखेच ओले असतात. याच बांधावरून एखादे आजोबा खताच्या रिकाम्या पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खुपसून केलेली खोळ डोक्यावरून पाठीवर सोडून, गुरांमागे शांतपणे चाललेले दिसतात. खोळ पुढून उघडी असते, म्हणून घाम राहत नाही. पोते जाड असते, म्हणून फाटत नाही. एक पोते पावसाळाभर पुरते आणि खत संपले की नवे येते. जीवरक्षक साहित्याच्या एकाही यादीत ही खोळ नाही.

खिरेश्वर सोडल्यावर चढ लागतो आणि बुटांची पाळी येते. स्वस्त बूट वाईट असतो असे नाही. कापडी हंटर किंवा साध्या रबरी तळाचे बूट घालून सह्याद्रीतले पट्टीचे भटके वर्षानुवर्षे हिंडले आहेत. वाईट असतो तो दिसायला महाग असलेला स्वस्त बूट. घोट्यापर्यंत उंच, लोखंडी कड्या, नारिंगी लेस, आणि खाली कडक प्लॅस्टिकचा तळ नुसता चिकटवलेला. परीक्षा सोपी आहे. तळाला अंगठ्याचे नख दाबावे. नख किंचित रुतले तर तळ ओल्या कातळाला धरेल. टक् असा आवाज आला तर माणूस घसरेल. तळ सुटायला सुरुवात पुढच्या टोकाकडून होते. बूट आधी जांभई देतो, मग प्रत्येक पावलाला चिखल खातो, आणि शेवटी तळ ओढ्यातून स्वतंत्रपणे खिरेश्वरकडे निघतो.

याच क्षणी मनगटावरचे दोरीचे कडे आयुष्यात पहिल्यांदा कामाला येते. ही दोरी पॅराशूटची. अस्सल दोरी ५५० पौंड, म्हणजे सुमारे २५० किलो ताण सोसते आणि तिच्या पोटात पीळ घातलेले सातेक धागे असतात. ९९ रुपयांच्या कड्याच्या पोटात कापूस निघतो. कडे उसवायला अर्धा तास जातो, कारण विणणाऱ्याने तेवढी एक गाठ मन लावून मारलेली असते. पण बुटाचा तळ बुटाला बांधायला कापूसवाली दोरीही पुरते, आणि तळ सांभाळत माणूस टोलार खिंडीत पोचतो. तिथे दगडात कोरलेला वाघ आहे आणि लिंबू सरबत मिळते. ते घेताना प्रत्येक जण आधी दुसऱ्याच्या बुटाकडे बघतो.

खिंडीच्या वरचा कातळटप्पा लोखंडी रेलिंग धरून चढतात. कमरेला लटकवलेल्या रंगीत कड्यांचा, म्हणजे कॅराबिनरचा, मोह इथे होतो. मोह आवरावा. गिर्यारोहणाच्या कॅराबिनरवर २० किलोन्यूटन किंवा त्याहून मोठा आकडा कोरलेला असतो, म्हणजे लांबीच्या दिशेने दोन टनांचा ताण. हातगाडीवरच्या कड्यावर आकडा नसतो आणि बारीक अक्षरात चढाईसाठी वापरू नये अशी सूचना असते. या सबंध बाजारात खरे बोलणारा एवढा एकच मजकूर. त्या कड्याला किल्ली, पाण्याची बाटली किंवा ओले मोजे लटकवावेत. माणूस लटकवू नये. दोरीचेही तेच. ज्या वस्तूवर शरीराचे वजन टाकायचे, ती किलोवर घेऊ नये आणि सेलमध्येही घेऊ नये.

कातळ संपला की टेकड्या लागतात. एक चढून उतरावी तर पुढे दुसरी उभी, आणि धुक्यात सगळ्या सारख्याच. लोक इथे हटकून चुकतात आणि इथेच होकायंत्र बाहेर निघते. बटणाएवढ्या होकायंत्रात हवेचा बुडबुडा असतो आणि सुई त्याला टेकून बसते. चौघांनी चार घेतली असतील तर उत्तरेबद्दल चार मते पडतात आणि शेवटी वयाने मोठ्या माणसाचे होकायंत्र मान्य होते. यात सगळा दोष यंत्राचा नसतो. मोबाइलमधल्या स्पीकरचे आणि कव्हरचे चुंबक, खिशातला चाकू, कमरेचे लोखंड, सगळे सुईला आपल्याकडे ओढत असतात. पृथ्वीची बाजू तशी सोयीची आहे: महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत नगण्य फरक आहे. मात्र उत्तर सापडली तरी गड कोणत्या दिशेला, हे आधी माहीत असावे लागते, आणि ते ज्याला माहीत असते त्या खिरेश्वरच्या वाटाड्याला होकायंत्र लागत नाही. वाटाड्याचे पैसे दहा होकायंत्रांपेक्षा जास्त होतात. ते द्यावेत.

शिट्टी मात्र जरूर घ्यावी. प्लॅस्टिकची, आत गोळी नसलेली, वीस-तीस रुपयांची. गोळीच्या शिट्टीत चिखल गेला की ती मुकी होते. हाका मारून घसा बसतो, शिट्टीचा बसत नाही, आणि धुक्यात ती हाकेपेक्षा लांब ऐकू जाते. तीन वेळा वाजवायची, थांबायचे, पुन्हा तीन वेळा, ही मदतीची खूण डोंगरात बहुतेकांना कळते. अडचण एवढीच की पावसाळी शनिवारी गडावर येणारा प्रत्येक गट फोटोसाठी माणसे गोळा करायलाही तिन्हीसांजेपर्यंत शिट्टीच फुंकत असतो. त्यामुळे खऱ्या अडकलेल्या माणसाला आधी ‘आलो, आलो, फिल्टर लावतोय’ असे उत्तर मिळण्याचा संभव असतो.

वर पोचल्यावर तंबू. पावसाळ्यात गडावर गुहेत राहतात किंवा स्थानिकांच्या झोपडीत पिठलं-भाकरी खाऊन आडवे होतात, ही रीत अनुभवातून आलेली आहे. तरीही कोणीतरी आठशे रुपयांचा तंबू आणतोच. हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाजवळ केदारेश्वराची गुहा आहे. पाण्याने वेढलेल्या शिवलिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी तीन तुटले आहेत, छत शाबूत आहे. स्वस्त तंबूला दोन दांड्या असतात आणि त्यांतली एक मोडली की छत जेवणाच्या ताटात येते.

मुक्कामाच्या गुहेत शेकोटीचा प्रयत्न होतो. चकमकीची कांडी खरवडली की निघणारी ठिणगी तीन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असते. दुकानात ती पाहून लोक थक्क होतात. पण ठिणगीला कोरडे काहीतरी पेटवायला लागते आणि श्रावणातल्या हरिश्चंद्रगडावर कोरडे काहीच नसते. कांडी झिजते, अंगठा सोलतो, काटकी तशीच. अशा वेळी जाणत्याच्या खिशातून देव्हाऱ्यातला कापूर निघतो. कापूर पाण्यात विरघळत नाही, पाण्यावर तरंगतानाही जळतो आणि दहा-वीस रुपयांत मूठभर मिळतो. त्याच्यासोबत प्लॅस्टिकच्या डबीत दोन लायटर असले की चकमक पुन्हा पाकिटात ठेवून द्यायला हरकत नाही. शेकोटी अर्थात गुहेच्या तोंडाशी, आत नव्हे.

चंदेरी चादर हा या संसारातला वादाचा जीव. प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा थर देऊन ती करतात. १९६० च्या दशकात नासाच्या कामातून ही चीज पुढे आली. वजन पन्नास-साठ ग्रॅम, घडी तळहाताएवढी. अंगातून बाहेर पडणारी बरीचशी उष्णता ती परत अंगाकडे पाठवते आणि वारा अडवते. ओले कपडे, वारा आणि थकवा एकत्र आले की पंधरा-वीस अंशांतही माणसाला हुडहुडी भरून पुढे बोबडी वळू शकते. अशा वेळी ओले उतरवून, कोरडे घालून वरून ही चादर गुंडाळली तर स्वस्तातली चादरही काम करते. खाली मात्र चटई हवी, जमिनीचा गारवा चादरीला अडवता येत नाही. तिचे दोष सामाजिक आहेत. कूस बदलली की गुहेत वेफरचे पाकीट फोडल्याचा आवाज होतो आणि सगळी गुहा जागी होते. सकाळी घडी परत कधीही होत नाही. कोकणकड्याच्या टोकावर ती उघडू नये, कारण तिथला वारा दरीतून वर येतो. खाली टाकलेली वस्तू तो परत आणून देतो, आणि हातात धरलेली चादर तारामती शिखराच्या दिशेने नेतो.

पाणी गाळायच्या नळीबद्दल थोडक्यात. चांगल्या नळीतली छिद्रे ०.२ मायक्रॉनची असतात. तिच्यात जीवाणू अडकतात, विषाणू नाहीत. स्वस्त नळीत कापूस आणि कोळशाचा चुरा असतो आणि त्यात बेडकाचे पिल्लू अडकते. टाक्यातले पाणी उकळून किंवा क्लोरीनची गोळी टाकून प्यावे.

उतरताना गवतात पाय पडतो आणि सर्पदंशाच्या पेटीची आठवण होते. तीत रबरी पंप, पाते आणि आवळायची दोरी असते. पंपाने विष निघत नाही, पात्याने जखम वाढते, करकचून आवळलेल्या दोरीने पाय जाऊ शकतो. तीन वस्तू आणि तिन्ही घातक, असे सातत्य इतर साहित्यात आढळत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिसर्पविष चालते. ते सरकारी रुग्णालयात मिळते. चावलेला पाय हलू न देता फळकुटाने बांधावा, माणसाला चालवू नये, उचलून न्यावे आणि १०८ ला फोन लावावा. पेटीतली दोरी, न आवळता, फळकूट बांधायला चालते. बाकीची पेटी टाकून द्यावी, मात्र गडावर नव्हे.

परतीच्या एसटीत खिडकीची काच खाली सरकत नाही आणि पाऊस थेट मांडीवर येतो. तिथे फाटक्या रेनकोटचा बोळा करून फटीत कोंबतात. तो वाऱ्याने उडत नाही, घाम धरत नाही आणि कल्याणपर्यंत टिकतो.